मार्ताचं डोहाळजेवण

४ ऑगस्ट २०२४, रविवार

वरचा मजला शेवटी गेला, आणि गेला तो थेट पोलंडला!

हे गेल्यापासून तीन वर्षं वर कुलूप होतं. आमच्या शिवनेरी सोसायटीचा नियमच असा, की घर द्यायचं ते आपल्या माणसाला, आणि आपला म्हणजे मराठी. आमच्या सासऱ्यांच्या पिढीतली काही कुटुंबं जबलपूरला तोफांच्या कारखान्यात आणि रेल्वेत नोकरीला आली, त्यांनी मिळून अधारतालला ही जागा घेतली, तेव्हाचा तो नियम. आता निम्म्या घरांना कुलपं आहेत. मुलं पुण्याला, बंगलोरला. माझी समिधा तर इंग्लंडात. मराठी भाडेकरू आणायचा तरी कुठून?

तर रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बिस्किटं भरायची मशीन आली आहे पोलंडहून. ती बसवायला आणि चालवून दाखवायला एक इंजिनियर दोन वर्षांसाठी येतोय, बायकोसकट. कारखान्याचा माणूस घर बघायला आला तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडे परक्याला देत नाहीत. त्यावर आमचे अध्यक्ष श्रीपादराव मध्येच म्हणाले, "वहिनी, परके काहून? युरोपियन आहेत ते! सोसायटीची शान वाढून राहिली अन् तुम्ही नाही म्हणता?"

शेजारची विनता तिथेच उभी होती. ती म्हणाली, "मागच्या साली माझ्या वरच्या घरासाठी रांचीची नर्स आली होती, तेव्हा ईसाई आहे म्हणून तुम्हीच नाही म्हटलं. हे पण ईसाईच ना भाऊ?"

"ते वेगळं," श्रीपादराव म्हणाले.

मलाही ते वेगळंच वाटतं. विनताने घरी येऊन पुन्हा विचारलं, कसं वेगळं म्हणून. मला सांगता आलं नाही, पण वेगळं आहे.

११ ऑगस्ट

आले. त्याचं नाव तोमाश, जिन्याच्या दारातून वाकून जावं लागतं इतका उंच. ती मार्ता, बत्तीस-तेहेतीसची असेल, भुवया इतक्या फिक्या की आहेत की नाहीत ते जवळ जाऊन बघावं लागतं. मी बघितलं. आहेत.

मला वाटलं होतं, बूट घालून देवघरापर्यंत येतील. पण दोघांनी न सांगता बाहेरच काढले, त्यांच्याकडेही तशीच पद्धत आहे म्हणे. मार्ता मोडकंतोडकं हिंदी बोलते, सहा महिने फोनवर शिकली. मला 'हेमाजी' म्हणते. हेमलता तिच्या जिभेला झेपलं नाही.

एक प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. युरोप सोडून जबलपूरला कोण येतं? श्रीपादराव म्हणतात, तिकडे शेजारी लढाई चालू आहे म्हणून. विनता म्हणते, पगार दुप्पट असेल. मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे कॉल जोडले आहेत. माणूस खरं कारण पहिल्या तीन मिनिटांत सांगत नाही, एवढं मला कळतं. मी शोधून काढीनच.

२५ ऑगस्ट

गुरुवारी समिधाचा फोन आला. मी मोठ्या उत्साहाने पोलिश भाडेकरूंची बातमी दिली, तर ही म्हणते, "आई, सांभाळून हं. इथे आमच्या गल्लीत फार पोलिश झालेत. दुकानंसुद्धा त्यांचीच. पहिलेची गल्ली राहिलीच नाही."

तिला तिथे जाऊन सात वर्षं झाली. मी विचारलं, पहिले कोण होतं गं?

"पहिले म्हणजे इंग्लिश लोकं होते. अन् मग आम्ही."

समोरची म्हातारी इंग्लिश बाई पोलिशांशी बोलत नाही, असंही सांगितलं. समिधाशीही बोलत नाही, पण ते तिच्या स्वभावामुळे. लेकीची गल्ली बिघडावी हे कोणत्या आईला बरं वाटेल? दोन दिवस मी मार्ताकडे बघून जरा मोजूनमापूनच हसले.

तिसऱ्या दिवशी ती बरणी घेऊन खाली आली. मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या काकड्या आणि वर शेपूच्या काड्या. शेपू! आमच्याकडे शेपूची भाजी शिजायला लागली की हे पायात चपला सरकवून बाहेर पडायचे, आणि समिधा तर नाक धरून जेवायची. चाळीस वर्षं या घरात शेपू आवडणारी मी एकटी. आणि ही बाई म्हणते, पोलंडात बटाट्यावर, वरणासारख्या सूपवर, सगळ्यावर शेपूच घालतात. दोघींनी अर्धी बरणी तिथेच संपवली. समिधाच्या गल्लीतले पोलिश दुसऱ्या प्रकारचे असतील.

८ सप्टेंबर

गणपतीच्या आरतीला श्रीपादरावांनी तोमाशला पुढे उभं केलं आणि हातात तबक दिलं. त्याने ते उलटं ओवाळलं. कोणी काही बोललं नाही, फोटोवाला आला होता ना. एरवी माझ्या हातून घंटा जरा उशिरा वाजली तरी शैलजावहिनी, म्हणजे श्रीपादरावांच्या सौभाग्यवती, डोळे वटारतात.

आणि खरी बातमी पुढेच. मार्ता बसताना एक हात कमरेला लावते. माझ्या नजरेतून ते सुटतंय होय? बाजूला घेऊन विचारलंच.

"हाँ हेमाजी. चार महीने," ती हळूच म्हणाली. "किसी को मत बोलना, प्लीज."

मी कोणाला बोलले नाही. फक्त विनताला.

२१ सप्टेंबर

मार्ताला आता सगळेच येताजाता विचारतात. तिकडे बर्फ किती पडतो, गाय खाता का, आईवडील रागावले नाहीत का इतक्या लांब आलात म्हणून. ती हसून उत्तरं देते. आज मी सरळ मुद्द्यालाच हात घातला. म्हटलं, खरं सांग, इथे का आलात?

ती म्हणाली, "यहाँ शांति है."

अधारतालला शांती! समोरच्या मैदानात डीजे चालू होता, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मी इतकी हसले की तीही हसली. "हमारा गाँव छोटा है," ती म्हणाली, "वहाँ सब लोग सब जानते हैं." मी म्हटलं, इथेही तसंच आहे गं बाई. ती मान हलवत राहिली.

हुशार आहे पोरगी. सहाव्या महिन्यात पाय कसे सुजतात, सातव्यात कुशीवर कसं झोपायचं, सगळं तिला तोंडपाठ. मी सांगायला जावं तर तिला आधीच माहीत. आजकालच्या मुली पुस्तकात वाचून तयार होऊनच येतात.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीच्या सामानासाठी मार्ताला घेऊन कमानिया गेटला गेले. सराफ्याच्या तोंडाशी इतकी गर्दी की ई-रिक्शा लांबच सोडावी लागली. मी तिच्या पोटापुढे दोन्ही हात पसरून चालत होते आणि लोकांना "भैया, देख के" करत होते.

फुलवाल्यांच्या रांगेत नुसता झेंडूचा ढीग. ती त्याकडे बघेचना. कोपऱ्यात एका बाईकडे पांढरी-पिवळी शेवंती होती, तिथे मात्र जी थांबली! दोन्ही हातांनी फुलं उचलली, नाकाशी नेली आणि डोळे मिटून उभी राहिली. "मैडम, लक्ष्मीजी को गेंदा चढ़ता है," बाई म्हणाली. मार्ताने ऐकलं नाही, कवेत मावेल इतकी शेवंती घेतली. शिवाय काचेच्या पेल्यातल्या मेणबत्त्याही. उद्या त्यांच्याकडेही दिव्यांचा सण असतो म्हणे.

बरं झालं, तिचं आवडतं फूल कळलं. लक्षात ठेवते.

१ नोव्हेंबर

बाजाराने दिवाळी काल केली, आमचं लक्ष्मीपूजन पंचांगाप्रमाणे आज. मार्ता आणि तोमाश दुपारी चारला ती सगळी फुलं, मेणबत्त्या घेऊन ऑटोने कुठेतरी गेले. सातला परतले ते थेट आमच्या पूजेला. मार्ताचे डोळे लाल झाले होते. फटाक्यांचा धूर तिला सोसत नसणार.

मी म्हटलं, झाली का तुमची दिवाळी?

"हाँ. आज पूरे पोलैंड में दीये जलते हैं."

कुठे लावलेत, असं विचारणार होते, तेवढ्यात विनता चकल्यांचं ताट घेऊन आली आणि गप्पा चकलीच्या भाजणीवर गेल्या.

५ नोव्हेंबर

आज तोमाशने सांगितलं ते ऐकून जीव खालीवर होतोय. मार्ताची आई रोज फोन करते, बाळंतपणाला घरी ये म्हणून. डिसेंबरच्या मध्यानंतर तिला विमानात घेणार नाहीत. तोमाशला मशीन सोडून जाता येत नाही, मार्ताला त्याला सोडून जायचं नाही. पण इथे बाळंत व्हायचा हिय्याही होत नाही. म्हणजे पंधरा-वीस दिवसांत काय ते ठरणार.

मला ती इथे राहायला हवी आहे. लिहायला काय लाज! समिधाला मुलगा झाला तेव्हा ह्यांचं आजारपण चालू होतं, मी जाऊ शकले नाही. पाच वर्षांचा झाला, अजून फोनच्या काचेतच बघते आहे. 'हॅलो आजी' म्हणतो आणि पळतो. या घरात एकदा तान्हं मूल रडावं, मला त्याला तेल लावून शेक देता यावा, एवढीच हौस आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मलाही कळतं. पण माहेर म्हणजे शेवटी काय, मायेची माणसंच ना? ती इथेही आहेत, हे तिला दिसलं पाहिजे.

ठरवलं. रविवारी डोहाळजेवण करायचं, थाटात. फुलांचे दागिने घालून वाडी भरायची, आणि सगळे दागिने तिच्या आवडत्या शेवंतीचेच करायचे. तिला आधी सांगायचं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

फुलवाला म्हणाला, "माताजी, मोगरा-गुलाब मिला दूँ?" मी ठणकावून सांगितलं, सेवंती म्हणजे सेवंतीच. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, हातात धरायचं धनुष्यबाण, सगळं पांढऱ्या-पिवळ्या शेवंतीचं. टोपली उघडली तर विनतासुद्धा म्हणाली, "हेमाताई, काय सुंदर करवलं!"

मार्ता माझी हिरवी पैठणी नेसून खाली आली. नेसवताना खुदुखुदु हसत होती. मग तिने टोपलीत बघितलं आणि चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"ये मेरे लिए?"

"तुम को पसंद है ना!"

तिने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. तोमाश खुर्चीतून उठून पुढे आला, तिने त्याला हाताने थांबवलं आणि पाटावर बसली. बायका एकेक दागिना बांधत गेल्या. मुकुट डोक्यावर चढवला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. शैलजावहिनी म्हणाल्या, "पहिलटकरीण आहे, आईची आठवण येऊन राहिली." डोहाळ्यांची गाणी झाली. पाच सवाष्णींनी ओटी भरली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. सगळं मांडलं मी, पण ओटी मला भरता येत नाही, रीतच आहे. मार्ता मात्र सारखी माझ्याकडेच बघत होती.

पेढा की बर्फी, ते बघायला झाकलेल्या वाट्या पुढे केल्या, तिने एकीलाही हात लावला नाही. शेवटी स्वतःच एकेक दागिना सोडला. आपण सोडून ठेवतो तसा नाही, अगदी हलक्या हाताने, आणि टोपलीत ओळीने निजवून ठेवला. कोणाशी न बोलता वर गेली. पानं वाढलेली तशीच राहिली.

तोमाश जिन्यात एवढंच म्हणाला, "थैंक यू, हेमाजी." त्याचा आवाज मला काही आवडला नाही.

११ नोव्हेंबर

वरचं दार बंद. डिंकाचे लाडू परत खाली आणले. शैलजावहिनींचं म्हणणं, गोऱ्या लोकांना कशाची किंमतच नसते. रागावले आहे मी. इतकं केलं, साधे दोन शब्द नाहीत!

तोमाश सहा डिसेंबरचं तिकीट बघतोय.

१३ नोव्हेंबर

संध्याकाळी श्रीपादराव आले, चहाला नको म्हणाले, तेव्हाच ओळखलं.

"वहिनी, तुमची ती मेमसाब दिवाळीच्या दिवशी कुठे गेली होती, माहीत आहे? कॅन्टोन्मेंटकडच्या कब्रस्तानात! ऑटोवाला सांगून राहिला. पोटुशी बाई, अन् कबरीवर दिवे लावून राहिली! तिथून उठून सरळ तुमच्या लक्ष्मीपूजनात. आंघोळ नाही, काही नाही."

माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे गरोदर बाईला स्मशानाचं नावसुद्धा ऐकू देत नाहीत.

"पाहुणे म्हणून ठीक होतं," ते म्हणाले. "आता इथेच लेकरू होणार, उद्या त्यांचे आणखी लोक येतील. रविवारी मीटिंग ठेवून राहिलो. अकरा महिन्यांचा करार पुढे वाढवायचा नाही, असं तुम्हीच सांगून द्या."

ते दारापर्यंत गेले आणि मला एकदम सुचलं ते मी विचारलं. फुलं कोणती ठेवली होती?

"सेवंती म्हणत होता. त्याचं काय?"

ते गेल्यावर मी समिधाला फोन लावला आणि म्हटलं, तुझ्या त्या पोलिश दुकानात जा आणि विचार, शेवंती त्यांच्याकडे कशाला वापरतात. "आई, मी कधी गेली नाही आतमध्ये," ती म्हणाली. म्हटलं, मग आज जा. तासाभराने फोन आला. आवाज उतरला होता.

"आई, दुकानातली बाई सांगत होती, एक नोव्हेंबरला सगळे आपल्या मेलेल्या माणसांकडे जातात, तेव्हा नेतात ती फुलं. फक्त कबरीवर ठेवतात. जिवंत माणसाला कोणी देतच नाही. तू काहून विचारून राहिली?"

मी फोन ठेवला. गरोदर पोरीला मी डोक्यापासून कमरेपर्यंत मढ्याच्या फुलांनी सजवलं होतं, आणि ती माझं मन राखायला ते घालून बसली.

१४ नोव्हेंबर

सकाळी वर गेले. तोमाश कामावर गेला होता. बॅग उघडी होती, अर्धी भरलेली. मी दारातच हात जोडले आणि रडायला लागले, हिंदी की मराठी काय बोलले तेही आठवत नाही. मार्ताने मला धरून आत बसवलं.

"आप को नहीं पता था," ती म्हणाली. "मुझे पता है, आप को नहीं पता था. पर डर लगा."

मग तिने सांगितलं. ही तिची पहिली खेप नाही. चार वर्षांपूर्वी मुलगी झाली होती, थोडे दिवस राहिली आणि गेली. त्यांच्या गावात दुकानात गेलं, चर्चमध्ये गेलं की लोक तिच्याकडे त्याच नजरेने बघायचे, आवाज खाली करायचे. तोमाशला हे काम मिळालं तेव्हा तिनेच चल म्हटलं, कारण इथे कोणालाच काही माहीत नसणार होतं. ती शांती. एक तारखेला मुलीपाशी जाता येणार नव्हतं, म्हणून इथल्या जुन्या कब्रस्तानात एका लहान मुलाची कबर शोधली. कोणा इंग्रजाचं मूल, दीडशे वर्षांपूर्वीचं, तिथे कोणी येत नाही. त्याच्यापाशी आपल्या लेकीचा दिवा लावून आली.

इतके महिने मी हिला बर्फ विचारला, गाय विचारली, पगार विचारला. पूर्ण सोसायटीने विचारलं. पोरगी ओंजळभर फुलं घेऊन डोळे मिटून उभी होती, तेव्हा कोणासाठी घेतेस एवढं विचारायला मला तोंड नव्हतं! त्या मुलीचं नावही आज तोंडाशी आलं होतं. नाही विचारलं. तिला सांगायचं असेल तेव्हा सांगेल.

मला दुसरं काय येतं? खाली येऊन मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेतल्या आणि तिची दृष्ट काढली. मिरच्या जाळल्या तर ठसका लागला नाही. म्हटलं, बघ, कडक लागली होती, गेली. ती शिकलेली बाई, हसेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, तिची आजी पाळण्याला लाल फीत बांधायची ती यासाठीच. मग एकदम विचारलं, "उस दिन आप दूर क्यों खड़ी थीं?"

मी सांगितलं, विधवेने ओटी भरू नये म्हणून.

"आप भी?" एवढंच म्हणाली, आणि माझा हात उचलून पोटावर ठेवला. आतून चांगली लाथ बसली.

१७ नोव्हेंबर, रविवार

मीटिंग. श्रीपादरावांनी कब्रस्तानाची कथा तिखटमीठ लावून सांगितली. शैलजावहिनी म्हणाल्या, "असं कोणी करते का? बाई तिथे गेली तरी काहून?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

खरं सांगितलं असतं तर सगळ्या बायका रडल्या असत्या. शैलजावहिनींचं स्वतःचं एक मूल गेलेलं आहे, त्या तर पहिल्या रडल्या असत्या, आणि तो विषय तिथेच संपला असता. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण मग उद्या जिन्यात, परवा गेटवर, सगळे मार्ताकडे त्याच नजरेने बघायला लागले असते आणि आवाज खाली करायला लागले असते. तिला पुन्हा कुठे जावं लागलं असतं देव जाणे.

मी म्हटलं, "कारण मला माहीत आहे, पण सांगणार नाही. घर माझं आहे. त्यांना पाहिजे तेवढे दिवस ते राहतील."

"नियम आहे वहिनी," श्रीपादराव म्हणाले. "आपली माणसं पाहिजेत. नाहीतर सोसायटी आपली राहणार नाही."

विनता मागून बोलली, "भाऊ, निम्म्या घरांना कुलूप आहे. कोणाची राहून राहिली ते तरी सांगा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या रांचीच्या नर्सचा नंबर आहे माझ्याजवळ. मी पण देऊन टाकते वरचं घर."

मोठा गोंधळ झाला. श्रीपादराव माझ्याशी बोलत नाहीत. घरी येताना विनताने मला चारदा विचारलं, कारण काय ते. हे म्हणायचे, हेमाच्या तोंडात तीळ भिजत नाही. विनतालासुद्धा नाही सांगितलं मी.

१ डिसेंबर

मार्ता खाली आली, हातात शेपूची जुडी. भाजी निवडता निवडता म्हणाली, तिकीट काढलं नाही. जानेवारीत तिची आईच इकडे येते आहे.

मी म्हटलं, माझ्यासाठी राहू नकोस, मला वाईट वाटेल म्हणून तर मुळीच नको. खरंच म्हटलं. आईपाशी जा, तिकडे सगळं तुझं आहे.

तिने हातातली काडी ताटात ठेवली. "वहाँ सब को पता है," ती म्हणाली. "यहाँ एक को पता है. एक अच्छा है."

२३ जानेवारी २०२५

मुलगा! तीन किलोच्या वर, टक्कल, आणि भुवया आईसारख्याच, शोधून काढाव्या लागतात. रडला तो असा की कॉरिडॉरमधला वॉचमन हसला.

तोमाश सकाळपासून दवाखान्यात येरझाऱ्या घालत होता, त्याला मी खाली चहा प्यायला पाठवला. मार्ताच्या आईला हिंदीचं अक्षर येत नाही, मला पोलिशचं. आम्ही दोघी पलंगाच्या दोन बाजूंना बसलो होतो आणि कळ आली की एकमेकींकडे बघत होतो. शैलजावहिनींनी विनताबरोबर बाळंतिणीसाठी अळीव पाठवले होते, स्वतः आल्या नाहीत.

दुपारी एक तरुण नर्स आली, हसरी होती. मार्ताची नाडी बघताना तिने मला विचारलं, "पहला बच्चा है न, माताजी?"

मार्ताचे डोळे मिटलेले होते, कळ चालू होती. मी म्हटलं, "नहीं. दूसरा है."

मार्ताने डोळे उघडले.

"अच्छा! तो पहला किसके पास है?" नर्सने विचारलं.

मार्ताने माझा हात धरला. कळ ओसरेपर्यंत थांबली आणि मग स्वतःच म्हणाली, "पहली बेटी है. पोलैंड में है, वहाँ सोई है. उसका नाम झोशा है."

नर्सने मार्ताच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "बहुत प्यारा नाम है, दीदी."

मलाही ते आजच कळलं.